उभ्या गाडीचे दुखणे

जालना जिल्ह्यात, अंबड तालुक्यातील एका गावी आमचे एक निवृत्त शिक्षक स्नेही राहतात. त्यांची जुनी, स्वयंचलित गिअरची मोटार मार्च २०२० मधील टाळेबंदीत पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहिली आणि २०२१ च्या दिवाळीपर्यंत तेथेच होती. नवी बॅटरी बसवल्यावर इंजिन सुरू झाले, पण दांडा 'डी'वर आणला तरी गाडी जागची हलेना. "सर, गिअरबॉक्स गेला," असा मेकॅनिकने निकाल दिला. नवा घ्यायचा तर गाडीच्या किमतीएवढा खर्च. सरांनी आम्हाला विचारले, "चालवून झिजते हे कळते. न चालवता कसे बिघडते?"

याचे उत्तर शोधताना आपल्याला प्रथम एका जहाजाच्या कारखान्यात जावे लागते. विसाव्या शतकाच्या आरंभी जहाजांवर वाफेची टर्बाइने आली. ती वेगाने फिरत, तर जहाजाचा पंखा सावकाश फिरला तरच पाण्याला नीट रेटा देतो. हा मेळ घालण्यासाठी जर्मनीतील श्टेटिन येथील व्हल्कन कारखान्यात काम करणाऱ्या हेरमान फ्योटिंगर यांनी दातेरी चाके बाजूला ठेवून मधे द्रव घातला आणि १९०५ साली त्याचे पेटंट घेतले. वर्गात हे सहज दाखवता येते. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवा आणि एकच सुरू करा. दुसरा, बटण बंद असूनही, फिरू लागतो. हवेच्या जागी द्रव आणि दोन्ही पंखे एकाच बंद डब्यात, अशी कल्पना केली की फ्योटिंगर यांची युक्ती हाती येते.

मोटारीत ही युक्ती स्थिरावली ती अमेरिकेत. जनरल मोटर्सने १९३९ च्या अखेरीस, १९४० च्या ओल्डस्मोबाइल गाड्यांसाठी 'हायड्रामॅटिक' गिअरबॉक्स बाजारात आणला. त्यात क्लचचे पायडल नव्हते. इंजिनाची शक्ती तेलातून जाई, गिअर बदलणारे आतले क्लच आणि पट्टे तेलाच्याच दाबाने आवळले जात आणि कोणता गिअर कधी घालायचा हेही तेलाच्या वाटा उघडणाऱ्या-मिटणाऱ्या झडपा ठरवीत. साध्या गिअरबॉक्समध्ये तेल म्हणजे वंगण. येथे ते हात, पाय आणि थोडीफार बुद्धीही झाले.

अशा तेलाकडून दोन परस्परविरोधी अपेक्षा होत्या. चकत्या एकमेकींना धरताना झटका बसू नये, आणि एकदा धरल्या की त्या घसरू नयेत. हे गुण आणण्यासाठी बरीच वर्षे तेलात स्पर्म व्हेल या देवमाशाच्या तेलापासून केलेला पदार्थ मिसळत. शहरात सफाईने धावणाऱ्या गाडीसाठी समुद्रात देवमासा मारला जाई, हे चालकाच्या गावीही नसे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेने या तेलाच्या आयातीवर बंदी घातली आणि रसायनज्ञांना पर्याय शोधावे लागले. वाळवंटी होहोबा झुडपाच्या बियांतील तेलाची रचना व्हेलच्या तेलाशी पुष्कळ मिळतीजुळती निघाली, तेव्हा त्या झुडपाचा भाव एकदम वधारला!

आता पुन्हा अंबडकडे वळू. या तेलाला फिरवणारा पंप इंजिनाबरोबरच फिरतो. गाडी महिनोन् महिने उभी राहिली की वरच्या टॉर्क कन्व्हर्टरमधील तेल हळूहळू खालच्या तळीत उतरते. रबरी सील उष्णतेने आणि वयाने ताठरतात व त्यांच्या कडेने तेल पाझरते. दिवसा पत्रा तापतो, रात्री निवतो. त्याबरोबर गिअरबॉक्समधील हवा श्वासनळीतून बाहेर जाते, आत येते, आणि पावसाळ्यात येताना दमटपणा आणते. क्लचच्या चकत्यांवरचे अस्तर बहुधा कागदासारख्या तंतूंचे असते. ते ओल धरते, आणि शेजारच्या पोलादी चकत्यांना गंज चढू शकतो.

गाडी ट्रॅक्टरला बांधून जालन्याला ओढत न्यायचा बेत ठरला होता, तो आम्ही थांबवला. चाके फिरली असती, त्यांच्याबरोबर गिअरबॉक्सचे भाग फिरले असते, पण इंजिन बंद असल्याने पंप फिरला नसता. सगळा प्रवास कोरडा झाला असता. मेकॅनिकचा निकाल मग खरा ठरला असता.

शेडमध्ये धुळीखाली तेलाचा मोठा डाग सापडला. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेले तेल भरले, इंजिन न रेमटवता संथ चालू ठेवले आणि ब्रेक दाबून दांडा प्रत्येक खुणेवर थोडा थांबवत फिरवला. काही मिनिटांनी गाडी आधी मागे सरकली, मग पुढे. नंतर गळका सील बदलला, तेलही सगळे बदलले. (२०१४ पासून आपल्याकडे छोट्या गाड्यांत आलेले 'एएमटी' गिअरबॉक्स मात्र वेगळे. त्यांत साधा कोरडा क्लचच यंत्र दाबते. तेथे हा उपाय चालणार नाही.)

सरांची गाडी आता दर पंधरवड्याला अंबडपर्यंत जाऊन येते. तिसरा गिअर अजूनही थोडा उशिरा पडतो, आणि पडताना एक हिसका देतो.