पॅच: एका ठिगळाची कुळकथा

"पॅच पाठवलाय, बघून घे." हिंजवडीपासून बंगळुरूपर्यंत सॉफ्टवेअरच्या ऑफिसांत हे वाक्य रोज कानावर पडतं. शब्द इतका रुळला आहे की पॅच म्हणजे ठिगळ, हे कुणाच्या मनातही येत नाही. पण सुरुवातीला ते खरोखरच ठिगळ होतं, कागदाचं, हाताने चिकटवलेलं.

1944 साली हार्वर्ड विद्यापीठात 'मार्क वन' हे अवाढव्य गणनयंत्र सुरू झालं. हॉवर्ड एकन यांची कल्पना, बांधणी आयबीएमची. त्याला द्यायच्या सूचना कागदाच्या लांबलचक पट्टीवर भोकं पाडून लिहिलेल्या असत. भोक पाडायचं राहिलं तर नंतर पाडता येई, पण चुकीच्या जागी पडलेलं भोक बुजवायचं कसं? त्यावर कागदाचा तुकडा चिकटवून. अशी ठिगळं लावलेली मार्क वनची पट्टी अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेने जपून ठेवली आहे. चूक कुठे होती आणि ती कुठे दुरुस्त केली, हे त्या पट्टीवर नुसत्या डोळ्यांनी दिसतं.

पुढे प्रोग्रॅम डिस्कवर गेले आणि ही दिसण्याची सोय गेली. फाइल बदलली की जुनी पुसली जाई. दोन प्रती समोर ठेवल्या तरी नेमकं काय बदललं हे ओळीला ओळ लावून शोधावं लागे. बेल लॅब्जमध्ये डग मॅक्इलरॉय यांनी त्यासाठी 'डिफ' हा प्रोग्रॅम लिहिला. 1974 च्या युनिक्स या संगणकप्रणालीत तो आला आणि 1976 मध्ये जेम्स हंट यांच्यासोबत त्यांनी त्यामागचं गणित प्रसिद्ध केलं. दोन्ही फाइलींत त्याच क्रमाने येणाऱ्या समान ओळींची सर्वांत लांब मालिका शोधायची. तिच्याबाहेर जे उरलं, तो बदल.

आता बदल दिसू लागला, पण तो दुसऱ्याच्या प्रतीत लावायचा कसा? 1985 च्या मे महिन्यात लॅरी वॉल यांनी 'पॅच' नावाचा छोटा प्रोग्रॅम सर्वांसाठी खुला केला. पुढे पर्ल भाषा रचणारे तेच हे वॉल. माझ्या मते सॉफ्टवेअरमधल्या सहकार्याचा खरा पाया इथे घातला गेला, आणि त्याचं कारण जवळून पाहण्यासारखं आहे.

समजा, मी माझ्या प्रतीतली चाळिसावी ओळ बदलली आणि तो बदल तुम्हाला पाठवला. दरम्यान तुम्ही तुमच्या प्रतीत वरच्या बाजूला बारा ओळी वाढवल्या आहेत. माझी चाळिसावी ओळ तुमच्याकडे आता बावन्नावी झाली. आकड्यावर विसंबलं तर दुरुस्ती भलत्याच जागी बसेल. म्हणून पॅचसोबत बदललेल्या ओळीच्या मागच्या-पुढच्या काही न बदललेल्या ओळीही पाठवायच्या. वजाचं चिन्ह असलेली ओळ जुनी, अधिकचं चिन्ह असलेली नवी, आणि बिनचिन्हाच्या ओळी आजूबाजूच्या. वॉल यांचा प्रोग्रॅम या शेजारच्या ओळी शोधत खाली-वर सरकतो, जुळल्या की बदल लावतो, आणि कुठेच जुळल्या नाहीत तर तो तुकडा वेगळ्या फाइलमध्ये काढून ठेवतो. गोधडीला ठिगळ लावणारी बाई भोकाएवढंच कापड कधी घेत नाही; कडेच्या धड कापडात टाके पडतील एवढं मोठं घेते. पॅचमधल्या त्या बिनचिन्हाच्या ओळी म्हणजे ते धड कापड.

यामुळे एकमेकांना कधीही न भेटलेली माणसं एकाच प्रोग्रॅमवर काम करू शकली. लिनक्स ही संगणकप्रणाली 1991 पासून कितीतरी वर्षं ईमेलमधून येणाऱ्या पॅचवरच वाढली. तिथेच शिस्तही घडली: एका पॅचमध्ये एकच बदल, आणि सोबत तो का केला याचं कारण. वाचणारा नेमक्या ओळीखाली आपला आक्षेप लिहून उत्तर पाठवी. व्याप वाढला, लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांच्याकडे पाठवलेले पॅच हरवू लागले आणि कुरबुरी झाल्या. 2002 मध्ये त्यांनी बदलांची नोंद ठेवणारं 'बिटकीपर' हे साधन घेतलं. 2005 मध्ये त्याचा मोफत वापर थांबला, तेव्हा एप्रिलमधल्या मोजक्या दिवसांत त्यांनी त्याच कामासाठी स्वतःचं 'गिट' उभं केलं. त्या ईमेलच्या दिवसांची खूण गिटमध्ये अजून आहे. प्रत्येक बदलासोबत दोन नावं नोंदली जातात, बदल लिहिणाऱ्याचं आणि तो लावणाऱ्याचं. एकटा माणूस काम करत असला तरी त्याचंच नाव दोन ठिकाणी लागतं.

2008 मध्ये गिटवर चालणारं गिटहब हे संकेतस्थळ आलं, पॅच पाठवणं बटणावर आलं. सोय झाली यात वाद नाही, पण पॅचचा आकार सुटला तो तेव्हापासून, असं मला वाटतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी मीही तेच केलं होतं. व्याजाच्या हिशेबातली एक ओळ दुरुस्त करायची होती. जाता जाता सबंध फाइलची मांडणी नीटनेटकी केली आणि आठशे ओळींचा बदल सरांकडे पाठवला. त्यांनी एकच ओळ लिहून परत केला: "यातली दुरुस्ती कुठली?" ती मला दाखवायला पाच मिनिटं लागली. मी दोन पॅच केले. दुरुस्तीचा पॅच त्यांनी लगेच वाचला, आणि त्यातली एक चूकही त्यांना तिथल्या तिथे सापडली. अपूर्णांक गोल करताना मी पैसे सोडून दिले होते. आठशे ओळींत ती कुणालाच दिसली नसती, आणि भुर्दंड खातेदारांना पडला असता.

तेव्हा पुढचा बदल पाठवण्याआधी त्याचा डिफ एकदा स्वतः वाचा. त्यात दोन गोष्टी दिसल्या तर दोन पॅच करा, आणि प्रत्येकाचं कारण वर दोन ओळींत लिहा.