गळ्यातली चिठ्ठी

रायपूरच्या नैर्ऋत्येस, बालोद जिल्ह्यात, खपरी नावाचे गाव आहे. तेथील एका जुन्या देवळाच्या गाभाऱ्यात शिवलिंगाशेजारी कुत्र्याची मूर्ती पुजली जाते. देऊळ कुकुरदेवाचे. नागवंशी राजांच्या अमलात, चौदाव्या-पंधराव्या शतकांत, ते बांधले गेले असे मानतात. डांग्या खोकल्याला त्या मुलखात 'कुकुरखांसी' म्हणतात. ती हटावी आणि श्वानदंश बाधू नये, अशी येथे येणाऱ्यांची श्रद्धा असते. दंशावर खरा उतारा लसीचाच आहे. पाश्चरने तो १८८५ साली मनुष्यावर प्रथम वापरला.

देवळामागची कथा अशी. दुष्काळात एका बंजाऱ्याने सावकाराकडून कर्ज काढले आणि तारण म्हणून आपला कुत्रा त्याच्या दारी बांधला. पुढे सावकाराकडे चोरी झाली. चोरांनी माल लपविला होता ती जागा त्या कुत्र्याने दाखवून दिली. सावकाराने कर्ज फिटल्याचे चिठ्ठीवर लिहिले, ती कुत्र्याच्या गळ्यात बांधली आणि त्याला मालकाकडे धाडले. बंजाऱ्याने दुरून कुत्रा येताना पाहिला. इमान सोडून हा पळून आला, असे समजून त्याने काठीच्या घावाने त्याला ठार केले. चिठ्ठी वाचली ती त्यानंतर.

कथेचा पुरावा कोणी मागू नये; पण तिच्यातले जग खोटे नाही. मीठ आणि धान्य बैलांच्या पाठीवर लादून बंजाऱ्यांचे तांडे छत्तीसगडातून जात, आणि रात्री तांड्याची राखण कुत्री करीत. असा कुत्रा ही मालमत्ताच होती. म्हणून तर तो तारण चालला.

याच प्रांतात १७४१ साली रघूजी भोसल्यांचा सेनापती भास्करपंत रतनपुरावर चालून आला, आणि १७५८ पासून रघूजींचे पुत्र बिंबाजी तेथे राज्य करू लागले. राजधानी रायपुरास आली ती पुढे, १८१८ नंतर, इंग्रज अधीक्षकाच्या हातून. रघूजींना सेनासाहेबसुभा हे पद देणाऱ्या शाहू छत्रपतींना शिकारीचा आणि कुत्र्यांचा मोठा नाद होता. त्यांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याने त्यांना वाघापासून वाचविले अशी आख्यायिका आहे. कृष्णाकाठी माहुलीस त्याची समाधी दाखवितात. खपरीचा कुत्रा काय किंवा माहुलीचा काय, दोघांनाही दगडी स्मारक लाभले ते कामगिरीबद्दल. काही न करता नुसता मांडीवर बसणारा कुत्रा मराठी बखरींना ठाऊक नाही. आपल्या भाषेत 'कुत्र्यासारखे जिणे' म्हणजे हाल, हेही येथे ध्यानात घ्यावे.

मांडीवरच्या कुत्र्याचा इतिहास दुसरीकडचा आहे. चीनच्या राजवाड्यात पेकिंगीज जातीची कुत्री लाडाने वाढत. १८६० साली इंग्रज-फ्रेंच फौजांनी पेकिंगचा उन्हाळी प्रासाद लुटला तेव्हा कॅप्टन डन याने त्यांतले एक कुत्रे उचलून व्हिक्टोरिया राणीला नजर केले. त्याचे नाव ठेवले 'लूटी'. 'लूट' हा शब्द इंग्रजांनी हिंदुस्थानातूनच नेलेला! हे बिचारे १८७२ पर्यंत जगले. पुढे १८८८ साली राणीने इटलीतील फ्लॉरेन्सहून लहान चणीचा पॉमेरेनियन आणला आणि इंग्लंडात त्या आकाराची हौस पसरली. त्याच वर्षी रायपुरास आगगाडी पोहोचली.

हिंदुस्थानात साहेबांच्या बंगल्यांतून आलेल्या स्पिट्झ कुत्र्यांपासून 'इंडियन स्पिट्झ' ही पांढऱ्याशुभ्र केसांची जात स्थिरावली. लोक तिला सर्रास 'पॉमेरेनियन' म्हणतात. १९९४ च्या 'हम आपके हैं कौन' या चित्रपटातील 'टफी' याच जातीचा. त्यानंतर तर मध्यमवर्गीय घरांतून तिला मानाचे स्थान मिळाले. राखण करणाऱ्या कुत्र्याचा आणि धन्याचा व्यवहार येथे पार उलटला. बंगल्याच्या ओसरीवर किंवा तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत हा कुत्रा कोणाचे रक्षण करणार? रक्षण त्याचेच करावे लागते.

रायपुरात ते सोपे नाही. मे महिन्याच्या अखेरीस नवतपा लागतो आणि पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणे हाच त्याचा मुख्य उपाय. पेकिंगीज किंवा पग यांचे नाक चपटे, श्वासाची वाट अरुंद. त्यांना तोही पुरत नाही. म्हणून त्यांना उजाडण्यापूर्वी फिरवून आणावे आणि दुपारी सावलीत, पाण्याजवळ ठेवावे. डांबरी रस्त्याला आधी आपला तळहात लावून पाहावा. तो क्षणभरही टेकवत नसेल तर त्या पावलांनाही टेकवणार नाही. उन्हाळा म्हणून स्पिट्झचे केस मुळापासून भादरण्याची चाल आहे. ती मायेपोटी पडली असली तरी चुकीची आहे. तो दुहेरी केसाळ थर उन्हाची तिरीपही अडवितो. रोज विंचरून आतील गळालेले केस काढले म्हणजे पुरे. निरोगी कुत्र्याचे तापमान ३८ ते ३९ अंश असते. ते ४१ च्या वर गेले, लाळ दाट झाली, पाय लटपटू लागले की साध्या पाण्याने अंग भिजवून, वारा घालीत, पशुवैद्याकडे न्यावे. पावसाळ्यात गोचिडांचा ताप. त्यासाठी कानांमागे आणि बोटांच्या बेचक्यांत रोज हात फिरवावा लागतो. कांदा, द्राक्षे, चॉकलेट ही त्याला विषासमान आहेत. मुलांनी लाडाने भरविलेला तुकडा म्हणूनच घातक ठरतो.

धापा, लाळ, लटपटते पाय, अन्नाला न लावलेले तोंड: या कुत्र्याच्या गळ्यातली चिठ्ठी अशी असते. तो आळशी झाला, हट्टी झाला, चिडका झाला असे घरातली माणसे चटकन म्हणून जातात. पुष्कळदा दातांचे दुखणे असते किंवा गुडघ्याची वाटी सरकलेली असते; लहान जातींत हे दोन्ही विकार नेहमीचे.

शिवाय ही लहान कुत्री मोठ्यांपेक्षा अधिक जगतात. चौदा-पंधरा वर्षांची होतात. शाळकरी मुलांसाठी आणलेला कुत्रा मुले शिक्षणासाठी पुण्याला किंवा बेंगळूरुला गेल्यावर म्हाताऱ्या आईबापांपाशी म्हातारा होतो. डोळ्यांत मोतीबिंदू उतरतो, कान मंदावतात. अशा घरात खाटा-खुर्च्यांच्या जागा बदलू नयेत आणि पाण्याचे भांडे रोजच्याच कोपऱ्यात ठेवावे. तो तेथवर वासाने आणि सवयीने येतो.