प्रवेशबंदी : जागेची आणि माणसाची

देवळाच्या गाभाऱ्यापुढील दोरी आणि सरकारी कार्यालयाच्या फाटकावरील ‘परवानगीशिवाय प्रवेश नाही’ ही पाटी, दोन्हींचा अर्थ वरवर एकच. कायदा मात्र आधी विचारतो की, बंदी जागेला आहे की माणसाला? पुजाऱ्यावाचून कोणीच आत जात नसेल, तर तो पूजापद्धतीचा भाग मानला जाऊ शकतो. त्याच जागी काहींना वाट आणि काहींना मज्जाव असेल, तर त्या भेदाचे कारण द्यावे लागते.

महाराष्ट्रात हा प्रश्न न्यायालयात पोहोचण्याआधी रस्त्यावर विचारला गेला. नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला सत्याग्रह काही वर्षे चालला. दार उघडले नाही. पंढरपुरात तर संत चोखामेळ्यांची समाधीच विठ्ठल मंदिराच्या महाद्वाराबाहेर आहे. ते मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी १ मे १९४७ रोजी उपोषण आरंभले आणि १० मे रोजी मागणी मान्य झाल्यावरच ते सोडले.

राज्यघटनेच्या १७व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. २५व्या कलमाने हिंदूंची सार्वजनिक धर्मस्थळे हिंदूंच्या सर्व वर्गांना खुली करणारे कायदे करण्याची मुभा राज्याला दिली, तर २६व्या कलमाने धार्मिक संप्रदायांना आपला धर्मविषयक कारभार पाहण्याचा हक्क दिला. या दोन कलमांतील ताण १९५८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आला. दक्षिण कर्नाटकातील मुल्की येथील गौड सारस्वतांच्या वेंकटरमण मंदिराचा तो खटला होता. न्यायालयाने प्रवेशाचा सार्वजनिक हक्क वरचढ मानला. मात्र काही विशिष्ट विधींच्या वेळी इतरांना बाहेर ठेवण्याची मुभा संप्रदायाला दिली. अट एवढीच की, उरलेला हक्क नाममात्र राहू नये.

महाराष्ट्रात याविषयीचा कायदा १९५६ पासून आहे. हिंदूंच्या कोणत्याही एका वर्गाला खुले असलेले सार्वजनिक पूजास्थान सर्व वर्गांना खुले असले पाहिजे आणि अडवणूक करणारा शिक्षेस पात्र आहे, असा त्याचा आशय. हा कायदा साठ वर्षे बहुतेकांच्या विस्मरणात गेला होता. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर स्त्रियांना असलेल्या बंदीविरुद्ध विद्या बाळ यांनी जनहित याचिका केली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१६ रोजी सरकारला त्याच्या अंमलबजावणीची आठवण करून दिली. आठवडाभरात, गुढीपाडव्याच्या दिवशी, चौथरा स्त्रियांना खुला झाला.

मुंबईच्या हाजी अली दर्ग्यात बंदी थेट मजारीजवळच्या जागेपुरती होती. विश्वस्तांनी स्त्रियांच्या सुरक्षिततेचेही कारण पुढे केले. मात्र, सुरक्षितता हवी असेल तर बंदोबस्त करावा, ज्यांना धोका आहे त्यांनाच बाहेर ठेवू नये, हे उघड आहे. उच्च न्यायालयाने २६ ऑगस्ट २०१६ रोजी बंदी घटनाबाह्य ठरवली आणि सुरक्षेसाठी पावले उचलण्यास राज्य सरकारला सांगितले. पुढे सर्वोच्च न्यायालयात विश्वस्तांनीच स्त्री-पुरुषांना समान प्रवेश देण्याचे मान्य केले.

सरकारी संरक्षणाखालील प्राचीन वास्तूंबाबत एक गैरसमज नेहमी आढळतो. २०१० च्या दुरुस्तीनुसार केंद्रीय संरक्षित स्मारकाभोवतीचे किमान १०० मीटरचे ‘प्रतिबंधित क्षेत्र’ बांधकामापुरते आहे. तेथे पाय ठेवण्यास मनाई नाही. उलट, नियमांच्या अधीन राहून अशा स्मारकात जाण्याचा लोकांचा हक्क १९५८ च्या मूळ कायद्यातच नमूद आहे.

सरकारी कचेऱ्यांत मात्र पाटीचाच धाक अधिक. १९२३ च्या सरकारी गुपिते कायद्यात ‘प्रतिबंधित ठिकाण’ या संज्ञेची व्याख्या आहे आणि ती मुख्यत्वे संरक्षणविषयक आस्थापनांशी निगडित आहे. वर्ध्यातील एका पोलीस ठाण्यात चित्रीकरण केल्याबद्दल एका नागरिकावर याच कायद्याखाली गुन्हा नोंदवण्यात आला होता. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये तो रद्द केला. पोलीस ठाणे या व्याख्येत बसत नाही, असे खंडपीठाने स्पष्ट केले.