तार आणि गोळी



आपल्या मुलांच्या वर्गात डोकावून पाहा. दातांना तारा बसविलेला एखादा तरी चेहरा दिसेल. आमच्या विद्यार्थिदशेत वेडेवाकडे दात ही नशिबाची गोष्ट समजली जाई. गेल्या वर्षी माझ्या नातीला तारा बसल्या आणि आठवड्याच्या आत एका हितचिंतकाचा सल्ला घरात आला : तारांमुळे शरीरात ‘ऑक्सिडेटिव्ह ताण’ वाढतो, तेव्हा मुलीला अँटिऑक्सिडंट जीवनसत्त्वांच्या गोळ्या द्या. तिच्या वडिलांनी लगेच ‘क’ जीवनसत्त्वाच्या चघळावयाच्या गोळ्यांची बाटली आणली. दात दुखतात म्हणून भाकरीला हात न लावणारी पोर दिवसाला तीन-तीन गोळ्या आवडीने चघळू लागली. मी जन्मभर विज्ञान शिकविले. म्हटले, या तारेचा आणि या गोळीचा इतिहास एकदा तपासून पाहावा. तोच आपणांपुढे ठेवतो.

तारेची कल्पना जुनी आहे. दुधाचा दात पडण्यापूर्वी नवा दात आला तर दुधाचा काढून नवा रोज बोटाने दाबीत जागेवर न्यावा, असे रोमच्या सेल्ससने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी लिहिले. दहाव्या शतकात कॉर्डोव्ह्याचे शल्यविशारद अल-जहरावी यांनी हलणारे दात सोन्याच्या तारेने बांधण्याची रीत वर्णिली. (ती दात टिकविण्याची रीत होती, सरकविण्याची नव्हे, आपल्या थोर पुरुषांना नसलेले श्रेय चिकटविण्याचा मोह आपण टाळावा.) १७२८ साली फ्रान्सचे पिएर फोशार यांनी दात ओळीत आणण्यासाठी धातूच्या पट्टीचे वर्णन केले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत एडवर्ड अँगल यांनी या विद्येस स्वतंत्र शास्त्राचे रूप दिले. आपल्या देशातील पहिले दंत महाविद्यालय १९२० साली कलकत्त्यात डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी काढले, तेही सोडा फाउंटनच्या दुकानातील उत्पन्नावर! मुंबईचे नायर दंत महाविद्यालय १९३३ चे. नाशिकला पंचवटीत असे महाविद्यालय होण्यास त्यानंतर कित्येक दशके जावी लागली.

आता दात सरकतो कसा? दात आणि हाड यांमध्ये तंतूंचा एक पातळ थर असतो. तारेच्या दाबाने तो एका बाजूस चेपतो, तेथील रक्तपुरवठा कमी होतो, सौम्य दाह निर्माण होतो आणि हाड विरघळविणाऱ्या पेशी कामास लागतात. दुसऱ्या बाजूस नवे हाड भरते. या दाहात प्राणवायूचे अतिक्रियाशील कण तयार होतात आणि हाड विरघळविण्यात त्यांचाही हात असतो. म्हणजे ज्या ताणाची आपणांस भीती घातली जाते, त्याचा काही अंश उपचारातच अंतर्भूत आहे.

गोळीचा इतिहास समुद्रावर सुरू होतो. स्कर्व्ही झालेल्या खलाशांच्या हिरड्या सुजत, दात हलत. १७४७ साली जेम्स लिंड यांनी संत्री-लिंबांनी ते बरे होतात, हे प्रयोगाने दाखविले. त्यातील द्रव्य १९२८ साली आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी यांनी वेगळे केले. पुढे हंगेरीच्या लाल मिरचीतून ते विपुल मिळाले आणि १९३७ चे नोबेल पारितोषिक त्यांना लाभले. १९३३ मध्येच ते प्रयोगशाळेत तयार होऊ लागले होते. तेथून फळ मागे पडले आणि गोळी पुढे आली. १९५६ साली डेनहम हार्मन यांनी या अतिक्रियाशील कणांचा संबंध वार्धक्याशी जोडला. १९७० साली लायनस पॉलिंग यांनी सर्दीवर ‘क’ जीवनसत्त्वाचे मोठे डोस सुचविले. १९८५ साली हेल्मुट झीस यांनी ‘ऑक्सिडेटिव्ह ताण’ हा शब्दप्रयोग रूढ केला.

मग परीक्षेची घडी आली. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर ‘ई’ जीवनसत्त्व व बीटा-कॅरोटीन यांची चाचणी झाली. १९९४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग घटला तर नाहीच, उलट १८ टक्क्यांनी अधिक आढळला. ते प्रौढ धूम्रपानी होते, आपली मुले नव्हेत, हे खरे. परंतु ‘अपाय तर नाही ना’ म्हणून डोळे मिटून गोळी देण्याचे दिवस तेथेच संपावयास हवे होते.

तारांपुरते बोलायचे तर ‘क’ जीवनसत्त्व लागतेच, कारण त्या तंतूंतील कोलॅजन त्यावाचून नीट बनत नाही. १९७४ साली त्याच्या अभावाचा दात सरकण्यावर होणारा परिणाम गिनीपिगांवर तपासला गेला. हा प्राणीही आपल्यासारखाच ते शरीरात बनवू शकत नाही. पण अभाव भरून काढणे वेगळे आणि पोटभर जेवणाऱ्या मुलास वर गोळी देणे वेगळे. दुसऱ्याचा लाभ सिद्ध झालेला नाही. तारा लावलेल्यांच्या लाळेवरील अभ्यासही एकसारखे बोलत नाहीत.

नातीच्या दंतवैद्यांनी बाटली पाहून एकच विचारले, “ही चघळते की गिळते?” हे जीवनसत्त्व म्हणजे अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल. चघळलेली गोळी ब्रॅकेटांच्या कडांना चिकटते आणि तेथेच दाताचे कवच झिजविते. बाटली त्याच दिवशी बंद झाली.

आता डब्यात पेरू असतो. बिया काढून, पातळ फोडी करून, कारण कडक पेरूला दात लावला तर ब्रॅकेट निघते. आपल्या नाशिकच्या द्राक्षांचा मला अभिमान आहे, पण ‘क’ जीवनसत्त्वात पेरू त्यांच्या कितीतरी पट पुढे आहे. दुखऱ्या दिवसांत भाकरी दुधात कुस्करून, डाळीत लिंबू पिळून. आंबट खाल्ल्यावर पाण्याने चूळ, आणि ब्रश अर्ध्या तासाने. एवढ्यावर तिच्या तारांचे आठ महिने झाले. अजून वर्षभर राहिले आहे.