मुठेच्या दोन तीरांवर

खडकवासल्याच्या धरणातून सुटलेली मुठा पुण्याकडे निघाली म्हणजे तिच्या डाव्या तीरावर शिवणे, वारजे आणि हिंगणे बुद्रुक ही गावे ओळीने लागतात, आणि हिंगण्याच्या समोर, पैलतीरी, हिंगणे खुर्दच्या हद्दीत विठ्ठलवाडीचे देऊळ उभे आहे. ‘मौजे वारजे, तालुका हवेली’ असा ज्याचा उल्लेख जुन्या दस्तऐवजांत होत असे, ते आमचे गाव १९९७ साली महानगरपालिकेच्या हद्दीत गेले, शेतांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या आणि महामार्गाची वाहने रात्रंदिवस गावावरून धावू लागली; तथापि संध्याकाळी हरिपाठाला बसणारी मंडळी अजून बसतात, आणि वर्षातून एकदा सप्ताहही होतो.

गेल्या सप्ताहाच्या तयारीसाठी मंडळी जमली असता एका तरुण वारकऱ्याने प्रश्न टाकला, की गावात जे कोणी देव मानीत नाहीत त्यांना मार्गावर आणणे हे आपले कर्तव्य नव्हे काय? त्याच्या बोलण्यात अहंता नव्हती. ज्या सुखाची आपल्याला गोडी लागली ते शेजाऱ्याच्याही वाट्याला यावे, एवढीच त्याची तळमळ होती. म्हणूनच त्याला तेथल्या तेथे उत्तर देऊन मोकळे व्हावे असे मला वाटले नाही, आणि आपल्या या मुलुखात हा प्रश्न पूर्वी कसा हाताळला गेला ते पाहावे असे मनाने घेतले.

प्रथम ‘नास्तिक’ हा शब्दच पाहावा. पाणिनीच्या व्याकरणपरंपरेत परलोक नाही असे मानणारा तो नास्तिक. मनूच्या लेखी वेदाची निंदा करणारा तो नास्तिक. ईश्वर मानतो की नाही, ही कसोटी या दोन्ही ठिकाणी नाही. एरवी जगत्कर्त्या ईश्वरावाचून आपली उपपत्ती मांडणारे प्राचीन सांख्य आणि मीमांसक आस्तिक दर्शनांत गणले गेलेच नसते. माणसाच्या अंतःकरणात काय आहे याची चौकशी धर्मशास्त्राने फारशी केली नाही, त्याच्या हातून काय घडले याची मात्र बारकाईने केली, आणि म्हणून आमच्याकडे जे दडपण आले ते मतावर न येता आचारावर आले. त्याचे नाव ग्रामण्य, म्हणजे जातीचा बहिष्कार.

१८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एका समारंभास गेलेल्या प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा आणि बिस्किटे ठेवण्यात आली. गोपाळराव जोश्यांनी हजर असलेल्यांची नावे वर्तमानपत्रातून चव्हाट्यावर आणली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, रीतसर चौकशी झाली, आणि ज्यांना सारा हिंदुस्थान नावाने ओळखीत होता त्या टिळक-रानड्यांनाही प्रायश्चित्ताच्या वाटेने जावे लागले. या दीर्घ प्रकरणात त्या पेल्याला ओठ लागले होते की नव्हते, याचा खल महिनोगणती चालला. परंतु रानड्यांची ईश्वरनिष्ठा किती खोल होती, किंवा टिळकांची कोणत्या प्रकारची होती, हे कोणी विचारल्याचे आढळत नाही.

ज्याने उघडपणे ईश्वर नाकारला त्याची गत याहून निराळी झाली. गोपाळ गणेश आगरकर १८५६ साली कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी जन्मले, ‘केसरी’चे पहिले संपादक झाले, १८८२ साली टिळकांसमवेत डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस राहिले, आणि १८८८ साली ‘सुधारक’ काढून देवतांच्या उत्पत्तीपासून विधवांच्या केशवपनापर्यंत प्रत्येक विषय बुद्धीच्या निकषावर घासू लागले. त्यांना श्रद्धेकडे वळविण्यासाठी पुणेकरांनी कोणता युक्तिवाद केला असे विचारले तर मान खाली घालावी लागते: त्यांनी आगरकरांच्या हयातीतच त्यांच्या प्रतिमेची प्रेतयात्रा काढली. ज्याला धर्मात आणावयाचे त्याला तिरडीवर बांधून जे हिंडवितात, त्यांना त्याच्या आत्म्याची काळजी होती असे कोण म्हणेल? उलट त्या नास्तिकाच्या घरी काय चालले होते ते पाहण्यासारखे आहे. त्यांच्या पत्नी यशोदाबाई धार्मिक वृत्तीच्या होत्या. त्यांची व्रते आणि त्यांचे सोवळे यांच्या आड आगरकर आले नाहीत. १८९५ साली, चाळिशीही न गाठता, ते गेले, तेव्हा ज्यांच्याशी त्यांचा उभा दावा होता त्या टिळकांनी ‘केसरी’त त्यांच्यावर गहिवरून लिहिले. मतभेद तसूभरही कमी झाला नव्हता. स्नेहाचा झरा मात्र त्याच्या खालून वाहत राहिला होता.

मतांतराच्या नुसत्या संशयाने चांगल्या कार्याचे काय होते, हेही पुण्याने त्याच दशकात पाहिले. पंडिता रमाबाईंचे शारदा सदन १८९० साली मुंबईहून पुण्यास आले, आणि तेथील मुली ख्रिस्ती धर्माकडे ओढल्या जातात असा बोभाटा होऊन १८९३ साली रानडे आणि भांडारकर यांनी सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले. विधवांना आसरा हवा होता, शिक्षण हवे होते. त्या आसऱ्याच्या मोबदल्यात श्रद्धा मागितली जात आहे, एवढी शंका लोकांच्या विश्वासाला तडा जाण्यास पुरेशी ठरली.

याच सदनातल्या गोदूबाईंशी धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली पुनर्विवाह केला. तेव्हा त्यांच्या मुरूड गावच्या ग्रामस्थांनी ठराव करून कर्व्यांशी पंगतीचा आणि बैठकीचा व्यवहार बंद केला, त्यांच्या वृद्ध आईलाही त्याचा काच सोसावा लागला. प्लेगच्या दिवसांत, १९०० साली, त्यांचा अनाथ बालिकाश्रम आमच्या शेजारच्या हिंगण्यास एका झोपडीत आला, आणि कर्वे तेथून फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकविण्यासाठी पायी जाऊ-येऊ लागले. ज्यांना पुण्यातली घरे परकी झाली होती अशा विधवा नदीच्या या तीरावर अक्षरे गिरवू लागल्या, आणि वाऱ्याची दिशा अनुकूल असेल तेव्हा पैलतीरावरच्या विठ्ठलवाडीची घंटा त्यांच्या कानी पडत असली पाहिजे, असे मला तेथे नदीकाठी उभे राहिले की वाटते.

कर्व्यांच्या परिवारातच पुढे महाराष्ट्रातले नामांकित बुद्धिवादी निपजले. १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर झालेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे कर्व्यांचे आप्त. त्यांनी आपली नास्तिकता कधी झाकली नाही. कर्व्यांचे पुत्र रघुनाथराव यांनी १९२७ पासून अखेरपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालविले आणि त्यासाठी खटले सोसले. या रँग्लर परांजप्यांच्या घरी लहानाच्या मोठ्या झालेल्या इरावतीबाई पुढे कर्व्यांच्या स्नुषा झाल्या, आणि समाजशास्त्राच्या जिज्ञासेने वारीबरोबर पंढरीची वाट चालल्या. आपल्या दिंडीत निरनिराळ्या जातींच्या बायका एकत्र चालतात, एकत्र गातात, पण जेवावयास वेगळ्या बसतात, हे पाहून त्या व्यथित झाल्या, आणि ती व्यथा त्यांनी लपविली नाही. त्यांच्या ‘वाटचाल’ या लेखात मला एक गोष्ट फार मोलाची वाटते: नास्तिकाच्या घरून आलेली ही विदुषी त्या बायाबापड्यांत मिसळली, आणि त्यांच्यावर माया जडवून परतली. तिला वळविण्यासाठी कोणी प्रवचन केले असते तर ती दुसऱ्या मुक्कामावरूनच माघारी फिरली असती, असे मी समजतो.

वारकरी संप्रदायात दीक्षेच्या सर्वांत जवळचा विधी म्हणजे माळ घालणे. ती ज्याची त्याने मागून घ्यावी लागते; कोणाच्या गळ्यात आपण होऊन ती टाकण्याची रीत नाही. आमच्या त्या तरुणाला मी हेच सांगितले, की तुझी तळमळ खरी आहे, परंतु ती शेजाऱ्याच्या गळ्याकडे नको, आपल्या आचरणाकडे वळव. याच मुठेवर, आपल्या गावाच्या खाली काही मैलांवर, ओंकारेश्वराजवळच्या पुलावर २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम करणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांवर गोळ्या झाडल्या गेल्या. ते स्वतः देव मानीत नसत, आणि दुसऱ्याने मानू नये असा त्यांचा आग्रहही नसे. देवाच्या नावावर चालणारी लूट तेवढी त्यांना थांबवायची होती. ती सकाळ आठवली म्हणजे श्रद्धावंत म्हणविणाऱ्या प्रत्येकाने आधी स्वतःकडे पाहावे, असे मला मनापासून वाटते.

तो तरुण त्या वेळी काही बोलला नाही. मग मी देवळाच्या कपाटातले सप्ताहाचे जुने दफ्तर काढून त्याच्यापुढे ठेवले. आमच्या आळीतले एक निवृत्त शिक्षक, जे देवळाच्या गाभाऱ्यात कधी गेले नाहीत आणि तसे स्पष्ट सांगत, त्यांनी सोळा वर्षे सप्ताहाचा जमाखर्च लिहिला. गुळाची ढेप, पत्रावळी, मंडपाचे भाडे, कीर्तनकारांची बिदागी, पैचाही घोळ नाही. निळ्या शाईतले त्यांचे अक्षर ठसठशीत आहे. जमाखर्चाच्या पानावर शिरोभागी ‘श्री’ घालण्याचा प्रघात. ती जागा ते कोरी सोडीत. त्यावर कोणी हरकत घेतली नाही. वही पुरी झाली की ती आमच्या विणेकऱ्यांकडे जाई, आणि ते मळ्यातून आल्यावर हात धुऊन, बसून, प्रत्येक पानावर लाल शाईने आपल्या वळणाचा मोठा ‘श्री’ काढीत. दुसऱ्या वर्षापासून शिक्षकांनी पानाच्या वरची समास-रेघ थोडी खाली आखावयास सुरुवात केली, म्हणजे त्या ‘श्री’ला जागा पुरावी.