बेंझिनचे दफ्तर

सप्टेंबर १९४८ मध्ये अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट या तेल कंपन्यांच्या संघटनेने बेंझिनच्या विषारीपणाचा आढावा घेणारी एक छोटी पुस्तिका काढली. हार्वर्डच्या सार्वजनिक आरोग्य विद्यालयातले प्राध्यापक फिलिप ड्रिंकर यांच्या देखरेखीखाली ती तयार झाली होती. लक्षणे कोणती, हवा खेळती कशी ठेवायची, कामगारांच्या रक्ताच्या तपासण्या किती दिवसांनी करायच्या, असा त्यातला बहुतेक मजकूर चाकोरीतला होता. दोन विधाने मात्र पुढे न्यायालयांत पुन्हा पुन्हा वाचली गेली. दीर्घकाळ बेंझिनच्या संपर्कात राहिल्याने ल्यूकेमिया झाल्याची बऱ्यापैकी साधार उदाहरणे आहेत, हे पहिले. दुसरे असे की, शरीराला बेंझिनची सवय होत नाही आणि कोणाला किती सोसेल यात फार फरक असतो. म्हणून पूर्णपणे सुरक्षित म्हणता येईल असे त्याचे प्रमाण एकच, ते म्हणजे शून्य.

त्याच पुस्तिकेत आठ तासांच्या पाळीसाठी शिफारस केलेली मर्यादा ५० पीपीएम आहे. पीपीएम म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत बेंझिनचा एक भाग. शून्य आणि ५० हे दोन्ही आकडे एकाच कागदावर, एकाच संघटनेच्या नावाने छापलेले आहेत. पुढे रक्ताच्या आजाराने खंगलेल्या कामगारांनी आणि त्यांच्या वारसांनी तेल आणि रसायन कंपन्यांवर नुकसानभरपाईचे दावे लावले, तेव्हा त्यांच्या वकिलांनी हीच पुस्तिका पुरावा म्हणून दाखल केली. उद्योगाला काय ठाऊक होते आणि केव्हापासून, याचे उत्तर उद्योगाच्याच कागदात होते.

ही माहिती १९४८ मध्ये नवी होती असेही नाही. स्वीडनमधल्या उप्साला इथे सायकलींचे टायर बनवणाऱ्या कारखान्यातल्या चार तरुण कामगार स्त्रियांच्या मृत्यूची नोंद सांतेसन यांनी १८९७ मध्ये प्रसिद्ध केली. रबर विरघळवण्यासाठी तिथे बेंझिन वापरत आणि या स्त्रियांच्या अस्थिमज्जेने रक्त तयार करणेच थांबवले होते. १९१० मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधले लॉरेन्स सेलिंग यांनी डबे बनवणाऱ्या कारखान्यातल्या मुलींची प्रकरणे मांडली. डब्यांच्या सांध्यांना लावायचे रबराचे द्रावण बेंझिनमध्ये केलेले असे आणि त्या मुलींच्या कातडीखाली रक्तस्राव होऊन डाग उमटले होते. १९२२ मध्ये अॅलिस हॅमिल्टन यांनी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात, अमेरिकी कारखान्यांत ही विषबाधा वाढत चालल्याचा इशारा दिला. १९२८ मध्ये फ्रान्समधल्या देलोर आणि बोर्गोमानो यांनी बेंझिनशी संबंधित ल्यूकेमियाचे पहिले प्रकरण नोंदवले.

यांच्या मधल्या काळातला एक कागद वेगळ्या कारणाने महत्त्वाचा आहे. येलचे सी. ई. ए. विन्स्लो यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९२६ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल सेफ्टी कौन्सिलला अहवाल दिला. हवेतले प्रमाण १०० पीपीएमच्या खाली ठेवावे असे त्यात सुचवले होते. तेवढे करूनही धोका उरतोच, म्हणून शक्य तिथे बेंझिन सोडून दुसरे द्रावक वापरावे, असेही समितीने सांगितले. वापरात राहिला तो आकडा. सोबतचा सल्ला मागे पडला. पुढे औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संघटनेने ही मर्यादा १९४६ मध्ये १००, १९४७ मध्ये ५०, १९४८ मध्ये ३५ आणि १९५७ मध्ये २५ अशी उतरवत नेली. १९७१ मध्ये अमेरिकी सरकारच्या ओशा या कामगार सुरक्षा खात्याने १० हा आकडा कायद्यात आणला. या उतरत्या आकड्यांना न्यायालयात वेगळा अर्थ आला. १९४७ मध्ये ६० पीपीएम हवेत काम केलेल्या माणसाला त्याच्या मालकाने नियम मोडून आजारी पाडले, की नियम पाळून, हा वाद कोणत्या वर्षाचा आकडा धरायचा त्यावर ठरतो.

आकड्यांच्या या भांडणाला पक्का आधार मिळाला तो ओहायओमधून. गुडइयर कंपनी अॅक्रन आणि सेंट मेरीज इथल्या कारखान्यांत प्लायोफिल्म नावाचा पारदर्शक पातळ पापुद्रा बनवत असे. नैसर्गिक रबर बेंझिनमध्ये विरघळवायचे, त्यावर हायड्रोजन क्लोराइड वायूची प्रक्रिया करायची, ते द्रावण सरकत्या पट्ट्यावर पातळ पसरायचे आणि बेंझिन उडून जाऊ द्यायचे, अशी ही पद्धत. या कामात दुसरे द्रावक नव्हते. त्यामुळे आजार झाला तर संशयाची सुई दुसरीकडे वळवणे अवघड होते. पीटर इन्फँटे, रॉबर्ट रिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कंपनीच्या जुन्या नोकरदफ्तरातून १९४० ते १९४९ या काळात बेंझिनच्या संपर्कात आलेले ७४८ कामगार शोधले आणि १९७५ पर्यंत त्यांचे काय झाले याचा माग काढला. सर्वसामान्य मृत्युदरांवरून या गटात ल्यूकेमियाचे दीडच्याही आत मृत्यू अपेक्षित होते. प्रत्यक्षात सात झाले होते. १९७७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हा निष्कर्ष आला: धोका किमान पाचपट, आणि मज्जेतून उद्भवणाऱ्या विशिष्ट प्रकारांत दहापट.

हे काम कामगारांच्या मुलाखतींवर किंवा आठवणींवर उभे नव्हते. कोण कधी लागला, कोणत्या खात्यात होता, कधी सोडून गेला, या कारकुनी नोंदी आणि मृत्यूचे दाखले एवढाच त्याचा पाया. आजार आणि काम यांचा संबंध त्यांतून दिसला. हवेत बेंझिन नेमके किती होते हे मात्र दिसले नाही, कारण जुनी मोजमापे तुटक होती. उद्योगाने बोट ठेवले ते याच फटीवर. काही वेळा प्रमाण मर्यादेच्या फार वर गेले होते, तेव्हा या सात मृत्यूंवरून कमी प्रमाणाबद्दल काही सिद्ध होत नाही, असा त्यांचा मुद्दा होता. १९९२ मध्ये डेनिस पॉस्टनबाख आणि सहकाऱ्यांनी त्याच कारखान्यांच्या हवेचा पुन्हा अंदाज बांधला. जुनी उपकरणे कमी दाखवत, युद्धकाळात कामाचे तास वाढले होते, बेंझिन कातडीतूनही शरीरात जात होते, असा हिशेब करून त्यांनी आकडे वर नेले. यातला व्यवहार सरळ आहे. मृत्यू तेवढेच राहतात. हवेतले प्रमाण जितके जास्त धराल, तितका दर पीपीएममागचा धोका कमी दिसतो.

लॅन्सेटमधल्या निबंधाच्याच वर्षी, मे महिन्यात, ओशाच्या प्रमुख युला बिंगहॅम यांनी मर्यादा १० वरून १ पीपीएमवर आणणारा तातडीचा आदेश काढला. न्यायालयाने तो रोखला. फेब्रुवारी १९७८ मध्ये कायमचा नियम आला. उद्योगसंघटनांनी त्याला आव्हान दिले आणि पाचव्या विभागाच्या अपील न्यायालयाने तो रद्द केला. २ जुलै १९८० रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मतांनी हे रद्द करणे कायम ठेवले.

न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स यांच्या निकालपत्राचा गाभा असा की, नियम करण्याआधी लक्षणीय धोका आहे हे खात्याने दाखवायला हवे. १० पीपीएमला किती माणसे दगावतील आणि १ पीपीएमला किती वाचतील, याचा अंदाज ओशाने मांडलेला नव्हता. स्टीव्हन्स यांनी दोन टोके दाखवली. क्लोरीनयुक्त पाणी पिऊन कर्करोग होण्याची शक्यता अब्जात एक असेल, तर तिला कोणी लक्षणीय म्हणणार नाही. पण २ टक्के बेंझिन असलेल्या पेट्रोलची वाफ नियमित हुंगणाऱ्यांत हजारात एक मृत्यू होत असेल, तर विवेकी माणूस पावले उचलेल. न्यायमूर्ती थरगूड मार्शल यांनी इतर तिघांच्या वतीने भिन्न मत लिहिले. वैद्यकशास्त्राला अजून ठाम सांगता येत नाही, याचा सगळा बोजा न्यायालयाने कामगाराच्या खांद्यावर टाकला, हा त्यांचा आक्षेप होता.

पुढची सात वर्षे १० पीपीएम चालू राहिले. एप्रिल १९८७ मध्ये रिन्स्की यांनी त्याच ओहायओच्या नोंदींतून न्यायालयाला हवा होता तसा हिशेब प्रसिद्ध केला. चाळीस वर्षे सरासरी १० पीपीएममध्ये काम केल्यास ल्यूकेमियाने मरण्याची शक्यता दीडशे पटींहून अधिक, आणि १ पीपीएममध्ये सुमारे १.७ पट. सप्टेंबर १९८७ मध्ये १ पीपीएमचा नियम जाहीर झाला. १९७८ मध्ये ठरवलेला आकडाही हाच होता. या दिरंगाईची किंमत निकल्सन आणि लँड्रिगन यांनी १९८९ मध्ये मोजली. त्यांच्या अंदाजाने तिच्यापायी ल्यूकेमियाचे ३० ते ४९० जादा मृत्यू व्हायचे होते.

हे झाले सगळ्या कामगारांसाठीच्या नियमाचे. एकट्या माणसाच्या भरपाईच्या दाव्यात आणखी एक चढण असते. बेंझिनचे यकृतात फिनॉल, हायड्रोक्विनोन असे पदार्थ होतात आणि ते अस्थिमज्जेत जाऊन रक्ताच्या मूळ पेशी बिघडवतात. त्यातून अॅप्लास्टिक अॅनिमिया, मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोम, तीव्र मायलॉइड ल्यूकेमिया होऊ शकतात. पण बेंझिनने झालेला ल्यूकेमिया आणि आपोआप झालेला ल्यूकेमिया यांना निर्विवाद वेगळे करणारी खूण रक्तात सापडत नाही. म्हणून वादीला दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: बेंझिनने हा आजार होऊ शकतो, आणि याच माणसाला तो बेंझिननेच झाला.

बोस्टनच्या फेडरल न्यायालयांतले एक प्रकरण या दोन पायऱ्यांमधले अंतर दाखवते. वादी रेफ्रिजरेशन तंत्रज्ञ होता आणि त्याला ल्यूकेमियाचा एक दुर्मीळ उपप्रकार झाला होता. तो इतका दुर्मीळ, की त्याच्यापुरती साथरोगशास्त्राची भक्कम आकडेवारी जमणेच कठीण. बर्कलीचे विषशास्त्रज्ञ मार्टिन स्मिथ यांनी पेशींवरचे प्रयोग, गुणसूत्रांचे बिघाड आणि इतर उपप्रकारांची आकडेवारी एकत्र तोलून संबंध असल्याची साक्ष दिली. खालच्या न्यायालयाने ती ग्राह्य धरली नाही. २०११ मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि सर्व पुराव्यांचे वजन एकत्र करून निष्कर्ष काढणे हीही शास्त्रीय पद्धत असल्याचे मान्य केले. विषारी रसायनांच्या दाव्यांत हा निकाल आजही उद्धृत होतो. मात्र त्याच वादीचा दावा २०१६ मध्ये दुसऱ्या पायरीवर कोसळला. त्यालाच बेंझिनने आजार झाला, हे सांगणाऱ्या तज्ज्ञाची साक्ष न्यायालयाने बाद केली आणि अपिलात तोच निर्णय कायम राहिला.

विज्ञान मधल्या काळात थांबले नव्हते. २००४ मध्ये ‘सायन्स’मध्ये चीनमधल्या तिआनजिन इथल्या जोडे कारखान्यांचा अभ्यास आला. बेंझिनच्या संपर्कातले २५० आणि संपर्काबाहेरचे १४० कामगार त्यात तपासले होते. हवेत १ पीपीएमहून कमी बेंझिन असलेल्यांच्याही रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटलेल्या दिसल्या. १९४८ च्या पुस्तिकेतले शून्य निव्वळ अतिसावधपणाचे नव्हते, हे इथे उघड होते.

आपल्याकडच्या कायद्याने कामगाराची वाट, निदान कागदावर, सोपी केली आहे. कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम, १९२३ च्या तिसऱ्या परिशिष्टातील ‘ब’ भागात बेंझिन आणि त्याच्या विषारी सजातीय संयुगांमुळे होणारे आजार नोंदलेले होते. त्या कामावर सलग सहा महिने काम केलेल्याला असा आजार झाला, तर तो कामामुळेच झाला असे कायदा गृहीत धरतो आणि तसे नाही हे सिद्ध करणे मालकावर येते. बोस्टनच्या वादीला जी दुसरी पायरी चढता आली नाही, तिथे भारतीय कामगाराला कायदाच हात देतो. त्या अधिनियमाची जागा घेतलेल्या सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्येही व्यावसायिक आजारांची ही यादी आहे. कायद्याने बेंझिनची विषबाधा हा कळवणे बंधनकारक असलेला आजार आहे. कारखान्याचा व्यवस्थापक आणि उपचार करणारा डॉक्टर या दोघांवरही ती जबाबदारी आहे. बेंझिनविषयीचा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९७१ चा करार भारताने १९९१ मध्ये स्वीकारला आहे.

पण हे गृहीतक सलग सहा महिन्यांच्या कामावर टेकलेले आहे आणि ते काम दाखवायचे कागदानेच. ज्याचे नाव कंत्राटदाराच्या मस्टरवर दर दोन महिन्यांनी बदलते, त्याच्यासाठी हे कलम असून नसून सारखे. ओहायओचे सात मृत्यू मोजता आले ते कारकुनांनी तीस वर्षे दफ्तर जपले म्हणून. तेव्हा रंग, रबर, द्रावके, तेलशुद्धीकरण किंवा पेट्रोल पंप अशा ठिकाणी राबणाऱ्या प्रत्येकाने आणि त्यांच्या युनियनने पगाराच्या पावत्या, हजेरीकार्ड, ईएसआयची कागदपत्रे, हाताळलेल्या रसायनांच्या पिंपावरील लेबलांचे फोटो आणि रक्ततपासणीचे सगळे अहवाल तारखेनिशी जपून ठेवावेत. डॉक्टरांनीही रक्ताच्या आजाराच्या केसपेपरवर रुग्ण काय काम करतो, हे एका ओळीत लिहावे. पुढे दावा उभा राहिला तर ती ओळ कामी येईल.