जखम भरते, वण दुखतो : माजी सैनिकांची वेदना आणि सरकारी मोजपट्टी

१/१८
दोन वण डोळ्यांसमोर आणा. एक पाठीवरचा : बारा इंच लांब, बारा इंच रुंद, कातडीपुरता आणि अजिबात न दुखणारा. दुसरा बोटाच्या पेराएवढा, पण सदऱ्याची बाही घासली तरी कळ उठवणारा. अमेरिकेत माजी सैनिकांचे अपंगत्व ठरवणाऱ्या सरकारी कोष्टकात या दोन्ही वणांचे मोल एकच आहे : १० टक्के. हे समीकरण कसे जन्माला आले आणि त्यामागे दीडशे वर्षांचा कोणता वाद आहे, ते आजच्या धाग्यात पाहू.

२/१८
आधी शब्दाकडे वळू. मराठीतला ‘वण’ संस्कृत ‘व्रण’ या शब्दातून आला. व्रण म्हणजे जखम आणि वण म्हणजे ती भरल्यावर उरलेली खूण. वैद्याच्या लेखी वण हा शरीर सावरल्याचा पुरावा असतो. ज्याच्या अंगावर तो आहे, त्याच्या लेखी मात्र तो कधीकधी न संपलेली जखम असतो. वण सर्वांना दिसतो, त्यातली वेदना एकालाच जाणवते. सरकारी तिजोरीतून पैसा द्यायचा, तर दिसणारे आणि नोंदवता येणारे काहीतरी लागते. या धाग्याचा सारा पेच इथेच आहे.

३/१८
सुरुवात अमेरिकी यादवी युद्धापासून (१८६१–६५) करू. त्या युद्धात वापरलेली ‘मिनिए’ गोळी मऊ शिशाची होती. ती हाडावर आदळून पसरे आणि हाडाचा चुरा करी. शस्त्रक्रियेपर्यंत जिवंत पोहोचलेल्या सैनिकांच्या बहुतेक जखमा हातापायांच्या होत्या. युद्ध सुरू असतानाच, १४ जुलै १८६२ रोजी, उत्तरेकडील सरकारने पेन्शनचा नवा कायदा केला. पूर्ण अपंग झालेल्या साध्या शिपायाला महिना ८ डॉलर आणि लेफ्टनंट कर्नल व त्यावरील अधिकाऱ्याला ३० डॉलर. जखम तीच असली, तरी हुद्द्याप्रमाणे तिचे मोल बदलत असे.

४/१८
‘पूर्ण अपंग’ कोणाला म्हणायचे? कसोटी अंगमेहनतीची होती. नांगर धरता येतो का, ओझे उचलता येते का, हातोडा चालवता येतो का? अपंगत्व अपूर्णांकात मांडले जाई : अर्धे, पाव, तीन चतुर्थांश. ‘दुखते का?’ हा प्रश्न कायद्याच्या केंद्रस्थानी नव्हता. वेदनेने काम थांबले, तरच ती हिशेबात येई. वेदना मोजता येत नाही, म्हणून राज्याने तिच्या शेजारची गोष्ट मोजायला घेतली. ही पहिली खेप. पुढे असेच घडत गेले.

५/१८
अर्जदाराला तपासणीसाठी सरकारनियुक्त शल्यवैद्यांपुढे उभे राहावे लागे. पुढे ठिकठिकाणी तीन वैद्यांची मंडळे हे काम पाहू लागली. त्यांच्या छापील प्रमाणपत्रावर माणसाच्या शरीराच्या बाह्याकृती असत. गोळी कुठून शिरली, कुठून बाहेर पडली, वण कुठे आहे, हे वैद्य त्यावर खुणेने दाखवीत. शेजारी वर्णन असे : वण किती इंचांचा, खालच्या मांसाला चिकटलेला की सुटा, दाबल्यावर हुळहुळणारा की नाही. अखेरीस शिफारस केलेला अपूर्णांक.

६/१८
इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी हे कागद म्हणजे खाण आहे. नोबेल पारितोषिक विजेते अर्थइतिहासकार रॉबर्ट फोगेल यांच्या पुढाकाराने हजारो सैनिकांची अशी प्रमाणपत्रे संगणकीय नोंदींत उतरवली गेली. त्यांतून एका पिढीच्या म्हातारपणाचा, आजारांचा आणि आयुर्मानाचा अभ्यास शक्य झाला. पण ती वाचताना एक भान ठेवायला हवे. कागदावरची भाषा बहुतांशी तपासणाऱ्याची आहे. सैनिकाचे स्वतःचे म्हणणे त्यात एखाद्या वाक्यापुरते येते आणि मग मापे सुरू होतात.

७/१८
याच काळात फिलाडेल्फियाच्या टर्नर्स लेन रुग्णालयात वेदनेकडे वेगळ्या नजरेने पाहिले जात होते. सायलस वेअर मिचेल, जॉर्ज मोरहाऊस आणि विल्यम कीन हे तीन डॉक्टर तिथे मज्जातंतूंना इजा झालेले सैनिक तपासत. त्यांचे या जखमांवरचे पुस्तक १८६४ मध्ये निघाले. जखम वरून भरलेली, पण हातापायात सतत आग पेटलेली, अशा रुग्णांचे वर्णन त्यांनी केले. या जळत्या वेदनेला मिचेल यांनी पुढे ‘कॉसॅल्जिया’ हे नाव रूढ केले. ‘उष्णता’ आणि ‘वेदना’ या अर्थांच्या ग्रीक शब्दांचा तो जोड आहे.

८/१८
त्या रुग्णांच्या नोंदी आजही अस्वस्थ करतात. वर्तमानपत्राचा खडखडाट, वॉर्डातून कोणी चालल्याचा हादरा, लष्करी बँडचा आवाज, एवढ्यानेही कळ उठे. दुखरा भाग सतत ओला ठेवण्यासाठी काही जण पाण्याची बाटली आणि फडके जवळ बाळगत. काहींनी तर बुटांत पाणी ओतून घेतले. तपासणाऱ्याला दिसे ती फक्त लाल, तकतकीत कातडी. ‘ज्याचे जळते त्यालाच कळते’ ही आपली म्हण या वॉर्डात शब्दशः खरी होती.

९/१८
पण याच तीन डॉक्टरांनी १८६४ मध्येच आणखी एक निबंध लिहिला. त्याचा विषय होता सोंग करणारे सैनिक कसे ओळखावेत. लढाई टाळण्यासाठी कोणी लुळेपणाचे किंवा आखडलेल्या सांध्याचे सोंग घेत असेल, तर ते उघडे पाडण्याच्या युक्त्या त्यात होत्या. ईथरची गुंगी देऊन हालचाल पाहणे ही त्यांपैकी एक. ज्यांनी अदृश्य वेदनेला नाव दिले, तेच तिच्या खरेपणाचे पहारेकरीही झाले. करुणा आणि संशय एकाच तपासणीच्या खोलीत शेजारी बसले, ते आजतागायत उठलेले नाहीत.

१०/१८
संशयाला राजकारणाची जोड मिळाली. राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलँड यांनी पहिल्या कारकिर्दीत २००हून अधिक खासगी पेन्शन विधेयके नाकारली. त्यांच्यानंतर आलेल्या बेंजामिन हॅरिसन यांनी १८८९ मध्ये पेन्शन आयुक्त नेमले जेम्स टॅनर यांना. युद्धात टॅनर यांचे दोन्ही पाय गेले होते. लिंकनना गोळी लागली त्या रात्री साक्षीदारांचे जबाब लघुलिपीत उतरवून घेणारा तरुण तो हाच. आयुक्त म्हणून टॅनर यांनी हात सैल सोडला, उधळपट्टीचा आरोप झाला आणि सुमारे सहा महिन्यांत त्यांना जावे लागले.

११/१८
१८९०च्या कायद्याने दार आणखी उघडले. किमान ९० दिवस सेवा झालेल्या आणि अंगमेहनत न झेपणाऱ्या माजी सैनिकाला, अपंगत्व युद्धातले नसले तरी, पेन्शन मिळू लागली. १८९३ पर्यंत पेन्शनधारक साडेनऊ लाखांवर गेले. संघराज्याच्या खर्चाचा सुमारे ४० टक्के वाटा पेन्शनवर जाऊ लागला. वॉशिंग्टनमध्ये या खात्यासाठी विटांची प्रचंड इमारत उभी राहिली. तिच्या भिंतींवर चालत्या सैनिकांची शिल्पपट्टी चहूबाजूंनी फिरते. आज तिथे वास्तुकलेचे संग्रहालय आहे.

१२/१८
मात्र सगळ्यांच्या वेदनेवर सारखा विश्वास ठेवला गेला नाही. कायद्यात वर्णभेद नव्हता, पण कृष्णवर्णीय सैनिकांचे अर्ज गोऱ्यांच्या तुलनेत कमी प्रमाणात मंजूर झाले. अनेकजण गुलामगिरीतून आलेले, त्यामुळे जन्माची किंवा लग्नाची कागदपत्रे नाहीत. लष्करी रुग्णालयांतल्या त्यांच्या नोंदीही अपुऱ्या. तुटलेला हात तपासणाऱ्याला नाकारता येत नाही. दुखणे मात्र अर्जदाराच्या शब्दावर उभे असते. ज्याच्या शब्दाला समाजात वजन नाही, त्याची वेदनाही कागदावर हलकी ठरते.

१३/१८
पहिल्या महायुद्धात चौकट बदलली. ऑक्टोबर १९१७ च्या कायद्याने भरपाईचा हुद्द्याशी असलेला संबंध तोडला आणि ‘कमाईच्या क्षमतेत सरासरी किती घट होते’ हे तत्त्व आणले. अपूर्णांकांच्या जागी टक्के आले. १० टक्क्यांखालच्या घटीला भरपाई नाही असे ठरले. ‘सरासरी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. एकच वण वादकाच्या बोटावर आणि कारकुनाच्या बोटावर असला, तरी कोष्टक दोघांना एकाच तराजूत तोलते. यात न्याय आहे आणि आंधळेपणाही आहे.

१४/१८
१९४५ च्या कोष्टकात प्रत्येक विकाराला चार अंकी क्रमांक होता. दुखऱ्या वणाचा क्रमांक ७८०४. निकष असा : वण वरवरचा असावा, हुळहुळा व दुखरा असावा आणि त्याचे दुखणे ‘वस्तुनिष्ठपणे दाखवता’ यावे. व्यवहारात याचा अर्थ एवढाच की डॉक्टरने वण दाबावा आणि सैनिकाने अंग आक्रसावे. ज्याने वर्षानुवर्षे कळ गिळायची सवय केली, तो या परीक्षेत मागे पडण्याची भीती होती. शिस्तीने शिकवलेली सहनशीलताच इथे आड येणार.

१५/१८
त्याच कोष्टकात एक विलक्षण टीप होती. सर्वसाधारण नियम असा की हातापायाच्या एखाद्या भागाला मिळणारे टक्के, तो भाग कापून टाकल्यावर मिळतील त्याहून जास्त नसावेत. पण दुखरा वण बोटाच्या टोकावर असला, तरी त्याला १० टक्के द्यावेत, मग ते त्या तुकड्याच्या विच्छेदनाच्या मोलापेक्षा जास्त का होईनात, असे टीप सांगे. नसलेल्या टोकापेक्षा दुखणारे टोक अधिक छळू शकते, हे एका रुक्ष सरकारी टिपेने मान्य केले होते.

१६/१८
१९८८ पर्यंत या निर्णयांविरुद्ध न्यायालयात दाद मागण्याची वाट जवळजवळ बंद होती. त्या वर्षीच्या कायद्याने माजी सैनिकांसाठी स्वतंत्र अपील न्यायालय स्थापन झाले. १९९४ मध्ये त्याच्यापुढे चेहऱ्याला इजा झालेल्या एका माजी सैनिकाचे प्रकरण आले. सरकारने त्याला एकच १० टक्के दिले होते. न्यायालय म्हणाले : चेहऱ्याची विद्रूपता, वणाचे दुखणे आणि चावताना येणारी अडचण या तीन वेगळ्या हानी आहेत, त्या स्वतंत्रपणे मोजा. वणाचे दिसणे आणि वणाचे दुखणे कायद्यात इथे वेगळे झाले.

१७/१८
२००२ मध्ये ७८०४ मधून ‘वस्तुनिष्ठपणे दाखवता यावे’ ही अट गेली. ‘तपासणीत दुखरा’ एवढेच उरले. २००८ मध्ये तेही गेले आणि मोजणी आली : एक किंवा दोन दुखरे वण १० टक्के, तीन किंवा चार २० टक्के, पाच वा अधिक ३० टक्के. न दुखणाऱ्या वरवरच्या वणाला मात्र १० टक्क्यांसाठी ९२९ चौरस सेंटिमीटर क्षेत्र लागते. आरंभीच्या समीकरणाचे उत्तर हे आहे. पण झोप उडवणारा एक वण आणि अधूनमधून ठणकणारा एक वण आजही सारखेच. आधी श्रम मोजले, मग इंच, मग चेहऱ्यावरची कळ आणि आता वणांची संख्या. खुद्द वेदना अजूनही मोजपट्टीबाहेर आहे.

१८/१८
२०१८ मध्ये एका माजी महिला सैनिकाच्या गुडघेदुखीच्या खटल्यात संघीय अपील न्यायालयाने ठरवले की निदान सापडले नाही, तरी शरीराचे कार्य बिघडवणारी वेदना हे स्वतःच अपंगत्व असू शकते. पुरावा दोन्ही बाजूंनी समतोल असेल, तर संशयाचा फायदा माजी सैनिकाला मिळावा, हेही तिथल्या कायद्यात आहे. तपासणीच्या खोलीत मात्र आजही फूटपट्टी असते, वणांचे आकडे असतात आणि एक प्रश्न असतो : ‘यांपैकी कोणते दुखतात?’ १८६२ च्या कायद्याला तो महत्त्वाचा वाटला नव्हता. आज तो छापील प्रपत्रात आहे आणि त्याचे उत्तर सैनिकाने द्यायचे असते. या दीडशे वर्षांची कमाई मला तरी हीच वाटते.

तुमच्या घरी कोणा माजी सैनिकाचे जुने वैद्यकीय कागद असतील, तर ते जपून ठेवा. वाचताना मापांच्या गर्दीत त्यांचे स्वतःचे म्हणणे कुठे उमटले आहे, तेही शोधा.